मोबाईल दिले, पण शिकवणारा कोण?

(आपल्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षीचा हंगामाचा सण आपल्या लक्षात असेल. एका आजींनी आणलेला भोपळा लिलावात तीन वेळा विकला गेला. ज्यानं घेतला त्यानं तो पुन्हा टेबलावर ठेवला, आणि पुन्हा बोली लागली. त्या दिवशीच्या अर्पणातून आणि नंतर आपण पाठवलेल्या देणग्यांतून सातपुड्यातल्या महाविद्यालयीन मुलामुलींसाठी आपण २४ मोबाईल घेतले. एकूण खर्च १,६८,००० रुपये. तेव्हापासून मी कुठल्याही मंडळीत गेले की दारातच कोणीतरी विचारतं, "ताई, आपल्या मोबाईलांचं काय झालं?"

आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी उभी आहे. चांगलं तेवढंच सांगून खाली बसणं सोपं आहे, पण भोपळ्याच्या त्या पैशांशी ते प्रामाणिक होणार नाही. म्हणून आधी चुकलेलं सांगते आणि मग शिकलेलं.

आपण हे का केलं, ते थोडक्यात आठवू या. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथली सुमारे ६९ टक्के वस्ती आदिवासी आहे, आणि साक्षरतेत हा जिल्हा राज्यात शेवटचा होता. अशा ठिकाणी धडगाव-मोलगीच्या पाड्यावरचं मूल बारावी होऊन बी.ए.ला प्रवेश घेतं, तेव्हा त्या घरातला तो बहुधा पहिलाच पदवीचा विद्यार्थी असतो. प्रवेश होतो, पण हजेरी होत नाही. कारण दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. आईबाप दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. म्हणजे महाविद्यालयाचं दुसरं सत्र आणि ऊसतोडीचा हंगाम एकाच वेळी येतात. जोडीला हात कमी पडतो म्हणून मोठा मुलगाही जातो. परीक्षेच्या तोंडावर तो परत येतो तेव्हा पाटी कोरी असते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि देशभरातली महाविद्यालयं एका रात्रीत मोबाईलवर गेली. तेव्हापासून आपल्याला वाटू लागलं की यातच उपाय आहे. मूल वर्गात येऊ शकत नसेल, तर वर्ग त्याच्या खिशात घालू या. केंद्र सरकारचं 'स्वयम' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यावर विद्यापीठ पातळीचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. व्हिडिओ, वाचनाचा मजकूर, स्वतःची चाचणी आणि चर्चा असे त्याचे चार भाग असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत त्यातून मिळवलेले श्रेयांक पदवीत धरण्याचीही सोय आहे. हे सगळं वाचून मी फार उत्साहात होते. पाड्यावर जाऊन मी 'स्वयम, स्वयम' सांगत सुटले. मुलं माना डोलवत होती. शेवटी एकानं विचारलं, "ताई, मग पैसे खात्यात कधी जमा होतील?" आदिवासी विकास विभागाची वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी जी मदतीची योजना आहे, तिचंही नाव 'स्वयम' आहे. मी अर्धा तास एक गोष्ट सांगत होते आणि मुलं दुसरीच ऐकत होती. त्याच दिवशी मला सावध व्हायला हवं होतं.

सहा महिन्यांनी मी २४ फोनांची गणती केली. ११ फोनांवर अभ्यास चालू होता. सहा फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात होते, आणि त्या सहापैकी पाच मुलींना दिलेले होते. ते भावाकडे किंवा काकाकडे गेले होते. तीन फोनांची काच फुटली होती आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. दोन मुलांनी महाविद्यालयच सोडलं होतं. आणि दोन फोन गहाण पडले होते.

त्या गहाण फोनांपैकी एकाची गोष्ट मला आज आपल्यासमोर सांगायची आहे, कारण त्यात माझा अपराध आहे.

जानेवारीत मी बारडोलीकडच्या एका पडावावर गेले. ऊसतोड कामगार ज्या झोपड्या टाकून राहतात त्याला तिकडे पडाव म्हणतात. आपला एक मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, तिथे आईबापांबरोबर होता. मी विचारलं, "फोन कुठे आहे?" त्यानं मान खाली घातली. फोन मुकादमाकडे दोन हजारांत ठेवलेला होता. मला राग आला. प्रवासानं मी थकले होते, हेही खरं. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. "मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांनी पोटाला चिमटा काढून दिलेली वस्तू आहे ही, तुला तिची किंमत नाही," असं बरंच काही. तो काही बोलला नाही. त्याचे वडील चुलीजवळ बसले होते. ते हळूच म्हणाले, "ताई, धाकट्याला कावीळ झाली, गाडीभाड्याला ठेवला फोन. पण तो इथं असता तरी काय? रेंज आहे इथं. पोराला रात्र कुठं आहे?"

मी तिथेच थांबले. पहाटे दोन-तीनला उठून फडावर जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि रात्री ट्रक येईल तेव्हा तो भरायचा. त्या मुलानं बसून एका तासाचा व्हिडिओ कधी बघायचा होता? आपण त्याला वर्ग दिला होता, पण बसायला वेळ दिला नव्हता. आणि हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. मी त्या मुलाची आणि त्याच्या वडिलांची माफी मागितली. आज आपल्यासमोरही सांगते की मी चुकले होते.

निघताना तो मुलगा माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. तो म्हणाला, "ताई, सरांचा नुसता आवाज असला ना, तर फडावर जाता-येता ऐकता येईल. बघायला वेळ नाही, चालायला आहे."

बंधू-भगिनींनो, त्या एका वाक्यानं आपला सगळा उपक्रम बदलला. कसा, ते सांगते. पण त्याआधी थोडं माझ्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल.

मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली ती नोकरी आणि संसार सांभाळून. धडे टपालानं यायचे. पाकीट फोडायचं, वाचायचं, प्रश्नांची उत्तरं लिहून परत पाठवायची. तेव्हा माझ्याकडे साधा फोनसुद्धा नव्हता. पण खरं सांगायचं तर पाकिटांनी मला शिकवलं नाही. पाकिटं कितीदा तरी न फोडता पडून राहायची. मला शिकवलं ते एका निवृत्त पाळकसाहेबांनी. ते दर शनिवारी संध्याकाळी आम्हां चौघांना घरी बोलवायचे आणि पहिला प्रश्न एकच विचारायचे, "या आठवड्यात काय कळलं नाही?" त्या प्रश्नासाठी आम्ही वाचून जायचो. काय कळलं नाही हे सांगायला तरी आधी वाचावं लागतं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातली गोष्ट आपण सगळे जाणतो. कूशी देशाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत चालला आहे. त्याच्या हातात ग्रंथ आहे, डोळ्यांपुढे अक्षरं आहेत, पण अर्थ नाही. फिलिप्पानं त्याला दुसरा ग्रंथ दिला नाही. तो रथाजवळ धावत गेला, कळतंय का म्हणून विचारलं, वर चढला आणि शेजारी बसला. आपण २४ मुलांच्या हातात ग्रंथ दिला होता, पण रथात चढून त्यांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं.

आपल्या मिशन कार्याला नवीन साधनांची भीती कधीच नव्हती. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. छापखाना हे त्या काळचं नवं यंत्र होतं. पण सेरामपूरला नुसता छापखाना नव्हता. १८१८ साली तिथे महाविद्यालयही उभं राहिलं. पुस्तक छापणं आणि ते समजावून सांगणारा माणूस तयार करणं, ही दोन्ही कामं बरोबर चालली. मोबाईलच्या बाबतीत आपण पहिलं केलं आणि दुसरं विसरलो.

आता बदल सांगते.

पहिली गोष्ट, आम्ही व्हिडिओ सोडून आवाजाकडे वळलो. एक महाविद्यालयीन प्राध्यापक मनापासून मदतीला आले. त्यांनी पहिल्यांदा वर्गातलं व्याख्यान जसंच्या तसं, पन्नास मिनिटांचं, ध्वनिमुद्रित करून दिलं. मुलांनी कळवलं, "सर, दहा मिनिटांनंतर झोप येते." सर हसले, थोडे दुखावलेही असतील. मग त्यांनी एका व्याख्यानाचे सहा तुकडे केले. प्रत्येक तुकडा आठ-दहा मिनिटांचा, त्यात एकच मुद्दा, आणि शेवटी एक प्रश्न. ते मला म्हणाले, "पंधरा वर्षं शिकवतोय, पण एका तासात मी नेमके किती मुद्दे शिकवतो हे पहिल्यांदाच मोजलं."

यात खर्चाचाही हिशोब आहे. दहा मिनिटांचा साधारण दर्जाचा व्हिडिओ तीस-चाळीस एमबी खातो. तेवढाच आवाज एक-दोन एमबीत बसतो. सबंध सत्राचे धडे एका छोट्या मेमरी कार्डात मावतात, त्यासाठी रेंज लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही. डोंगरात जिथे रेंजसाठी टेकडीवरच्या ठराविक झाडाखाली उभं राहावं लागतं, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. आता दिवाळीआधी मुलं स्थलांतराला निघताना आम्ही त्यांची कार्डं भरून देतो.

दुसरी गोष्ट, उत्तर मागायला सुरुवात केली. धड्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलानं स्वतःच्या आवाजात मुद्रित करायचं आणि रेंज आली की पाठवायचं. सर रविवारी रात्री ती उत्तरं ऐकतात. घरी बोलतात त्या भाषेत उत्तर दिलं तरी चालेल असं आम्ही सांगितलं, कारण भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी ही दुसरी भाषा असते. काही उत्तरं मग समजणाऱ्या दुसऱ्या मुलाकडून सरांना समजून घ्यावी लागतात, पण त्या निमित्तानं तो दुसरा मुलगाही धडा शिकतो. सर एकदा म्हणाले, "ऐंशी मुलांच्या वर्गात हा मुलगा दोन वर्षं बसतोय, त्याचा आवाज मी मोबाईलवरच पहिल्यांदा ऐकला." वर्गात चार जण हसतील म्हणून जे मूल तोंड उघडत नाही, ते टेकडीवरच्या झाडाखाली एकटं उभं राहून बोलतं. हा फायदा मोबाईल घेताना आम्हाला कोणाच्याच मनात आला नव्हता.

तिसरी गोष्ट मुलींची. मुलींचे फोन भावाकडे का गेले, हे विचारायला मी घरोघरी गेले. फोन म्हणजे मुलगी कोणाशी बोलेल, पळून जाईल, लोक नावं ठेवतील, ही भीती घराघरांत होती. मी भाषण दिलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. वाट दाखवली ती एका आईनंच. ती म्हणाली, "फोन माझ्या नावानं द्या. माझ्याजवळ राहील. पोरगी माझ्यासमोर ऐकेल." तसं केलं. मग घडलं ते असं. संध्याकाळी भाकरी थापताना धडा लागायचा. इतिहासाच्या एका धड्यात सावित्रीबाई फुले आणि पंडिता रमाबाईंची माहिती होती. केडगावची मुक्ती, दुष्काळातल्या मुली, रमाबाईंनी स्वतः केलेलं पवित्र शास्त्राचं भाषांतर. धडा संपला तशी ती निरक्षर आई म्हणाली, "तो सर आणखी काय सांगतो, पुढचं लाव." मुलगी मला सांगत होती, "ताई, आता मी कंटाळले तरी आई सोडत नाही."

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शनिवार. जी मुलं गावातच आहेत ती शनिवारी दुपारी मंडळीच्या व्हरांड्यात जमतात. ख्रिस्ती असोत वा नसोत, सगळी येतात, आणि तिथे कोणाला धर्म विचारला जात नाही. एक निवृत्त शिक्षक येऊन बसतात. पहिला प्रश्न माझ्या पाळकसाहेबांचाच असतो, "या आठवड्यात काय कळलं नाही?" आणि त्यानंतर सगळे फोन पिशवीत जातात आणि वह्या बाहेर येतात. कारण एक मोठी उणीव आमच्या उशिरा लक्षात आली. मुलं ऐकत होती, बोलत होती, पण लिहीत नव्हती. विद्यापीठाची परीक्षा मात्र तासन्‌तास हातानं लिहायची असते. मोबाईलवर शिकलेल्या मुलाला उत्तर येतं, पण दुसऱ्या पानावर हात दुखतो. म्हणून शनिवारी निदान एक उत्तर पूर्ण लिहायचंच, असा नेम केला.

आणखीही काही गोष्टी मोबाईलनं होत नाहीत, त्या मान्य केलेल्या बऱ्या. विज्ञानाच्या मुलांचं प्रयोगशाळेतलं काम त्यावर होत नाही. 'स्वयम'वरचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी-हिंदीत आहेत, ते आपल्या मुलांना अजून जड जातात. आणि जो प्राध्यापक पीडीएफ गटात टाकून 'शिकवून झालं' म्हणतो, त्याच्या मुलाच्या हातात मोबाईल असला काय आणि नसला काय, सारखंच.

आता त्या पडावावरच्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. मुकादमाचे दोन हजार आम्ही दिले. ते आपल्याच निधीतून दिले, हेही आपल्या माहितीसाठी. फोन सुटला, त्यात कार्ड घातलं. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्यानं फडावर जाता-येता धडे ऐकले आणि सरांना एकंदर १९ उत्तरं पाठवली. एका उत्तरात मागे ट्रकचा हॉर्न वाजतो, एकात त्याची आई त्याला जेवायला हाक मारते. होळीला तो गावी आला आणि परीक्षेपर्यंत एकही शनिवार चुकवला नाही. पाच विषयांपैकी तीन सुटले, दोन राहिले. पहिला वर्ग मिळाला असं सांगता आलं असतं तर मेळाव्यात टाळ्या पडल्या असत्या. पण तो मला म्हणाला, "ताई, मागच्या वर्षी मी परीक्षेला बसलोच नव्हतो." माझ्या दृष्टीनं हीच आपल्या भोपळ्याची खरी किंमत आहे. यंदा तो ते दोन विषय पुन्हा देणार आहे.

आज २४ पैकी १८ फोन अभ्यासासाठी वापरात आहेत. फुटलेल्या तीन काचा बदलल्या. मुलींचे चार फोन आयांच्या नावानं परत आले, एक अजून भावाकडेच आहे. त्या घरी मी पुन्हा जाणार आहे.

आता विनंती. यंदा मी आपल्याकडे नवीन मोबाईल मागत नाही. तीन गोष्टी मागते.

एक, आपल्या घरात कपाटात पडलेला, पण चालू असलेला जुना फोन असेल तर द्या. आवाज ऐकायला तो पुरतो. देण्याआधी त्यातली स्वतःची माहिती मात्र पुसून टाका.

दोन, दुरुस्ती आणि मेमरी कार्डं यांसाठी छोटा निधी हवा आहे. एक काच फुटली की एका मुलाचं सत्र जातं, म्हणून हा खर्च कमी लेखू नका.

तीन, आणि हे सगळ्यात जास्त हवं आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून, कचेरीतून निवृत्त झालेली शिकलेली माणसं आहेत. आठवड्यातून एक तास द्या. डोंगरात यायला हवंच असं नाही. एका मुलाची किंवा मुलीची चार उत्तरं फोनवर ऐका आणि चार वाक्यांत परत बोला. मुलींशी बोलण्यासाठी भगिनींनी पुढे यावं, आणि ते आईच्या फोनवर, आईच्या समोर व्हावं, हा आपला नियम आहे.

आणि प्रार्थना करा. जे राहिलेले दोन विषय पुन्हा देणार आहेत त्यांच्यासाठी, दिवाळीनंतर जे पुन्हा निघतील त्यांच्यासाठी, आणि माझ्यासाठीही, की पुढच्या वेळी रागावण्याआधी मी विचारेन.

फिलिप्प रथाजवळ धावत गेला. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे गुडघे आता दुखतात, धावणं जमणार नाही. पण आवाज सगळ्यांकडे आहे. तो एक तास द्या.

देव आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.